शोभाअक्काच्या हळदीला रडलेली बाई

आमच्या घरात माणसं पाच आणि भोंगे बावीस होते. नात म्हणते, आजी, मागच्या वेळी तू सोळा म्हणाली होतीस. असतील सोळा. पण ज्या घरात लसूण भोंग्यात ठेवतात, पापड भोंग्यावर वाळतात आणि शेजारची कोंबडी अंडं घालायलाही भोंगाच शोधते, तिथे सोळा आणि बावीस यांत फार फरक राहत नाही. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. जळगावात लग्न असो, बारसं असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, नानांचा आवाज आधी पोचायचा आणि नाना मागून सायकलवरून. ते म्हणत, आपलं मोठं मशीन पूर्ण सोडलं तर भुसावळच्या फलाटावरचे प्रवासी ‘गाडी आली’ म्हणून उठून उभे राहतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण भुसावळचा एक माणूस आमच्याकडे भांडायला आला होता, तो कशासाठी आला असेल हे तुम्हीच ठरवा.

घराला स्वतःचा असा आवाज होता. सकाळी मायचा तवा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापटण्याचा ठेका, मिरच्या भाजल्या की सगळ्या घराचा एकदम खोकला, आणि या सगळ्यावर नानांचं ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’. नाना दुरुस्त केलेला प्रत्येक माइक घरातच तपासत. त्यामुळे भाजीत मीठ कमी आहे हे आमच्या गल्लीला आमच्याइतकंच लवकर कळायचं. थोरली बहीण शोभाअक्का या घरात शांत कशी निपजली हे कोडंच आहे. ती बोलायची ते समोरच्याला जेमतेम ऐकू जायचं. तिच्या वाटचं सगळं बोलणं देवाने माझ्यात भरलं, असं माय म्हणायची. ते कौतुक नव्हतं.

नानांच्या बाकड्यावर दुरुस्तीला आलेला एक मोठा रेडिओ होता, त्याचा मालक तो न्यायला कधी आलाच नाही. त्याची सुई शॉर्टवेव्हवर फिरवायचा नाद मला लागला. खरखर, शिट्ट्या, मग मधूनच दूर कुठेतरी कुणीतरी गात असायचं. एकदा एक माणूस घशातून एकाच वेळी दोन सूर काढत होता. मायला वाटलं आतलं वायंडिंग जळतंय, तिने प्लग उपटला. मी मात्र त्या केंद्राला पत्र टाकलं. केंद्रवाले दर महिन्याला श्रोत्यांच्या नावपत्त्यांचा एक कागद पाठवत, त्यावरून मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत जगभर पत्रं लिहायला लागले. मग कॅसेटी यायला लागल्या. रिवाज असा की तुम्ही तुमच्या मुलखाची गाणी पाठवायची, समोरचा त्याच्या मुलखाची पाठवणार. मी कानबाई देवीची गाणी पाठवली, पाचोऱ्याच्या बाजारातल्या वासुदेवाची पाठवली, यावलकडच्या एका म्हाताऱ्याची पावरी पाठवली. तो फुंकताना गाल असे फुगवायचा की आता हा उडणार, म्हणून मी एका हाताने त्याचं धोतर धरून दुसऱ्या हाताने माइक धरला होता. बदल्यात आफ्रिकेतून एक तंतुवाद्य आलं, ऐकताना सुपात ज्वारी पाखडल्यासारखं वाटे. बल्गेरियाच्या बायका आल्या, त्या एकमेकींना सुराने ढकलत गायच्या, अगदी आमच्या बायका नळावर ढकलतात तशा. आणि फिनलंडहून हेलमी नावाच्या शिक्षिकेची पाकिटं यायची. त्यांत कॅसेट एक आणि पत्राची पानं सहा. पानं मी ‘नंतर वाचू’ म्हणून डब्यात टाकायची. इथेच घोळ झाला, पण तो पुढे.

संध्याकाळी मी ओट्यावर एक लहान भोंगा लावून ही गाणी गल्लीला ऐकवायची. बायका गहू निवडत ऐकायच्या. सगळ्यांत पुढे बसायची ती तुळसाफुई, नानांची आत्या, आमच्या घरातलं पाचवं माणूस. नानांची फुई म्हणून ती सगळ्या घराची फुई, आणि मग गल्लीचीही. लग्न असो की मयत, आसपासच्या दहा गावांतून तिला बोलावणं यायचं. लग्नात ती गायची आणि मयतीत ती रडायची. रडायची म्हणजे डोळे पुसत बसायची नाही. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याचे गुण, त्याची गाय, त्याचं शेत, सगळं सुरात लावून ती असं रडायची की मेलेल्या माणसालाही आपण फार लवकर गेलो असं वाटावं. तिला अहिराणीशिवाय एक भाषा येत नव्हती. तरी माझी कॅसेट लागली की ती दोन ओळी ऐकून सांगायची, “हाई पाळनानं शे,” नाहीतर, “हाऊ गडी ढोरे चारी रायना.” मी पत्र काढून बघायची, तर खरंच अंगाई असायची, नाहीतर गुराख्याचं गाणं. मला तिची भीती वाटायची. अशा कानासमोर खोटं बोलायची सोय नसते, आणि माझं तर सगळं बालपण त्याच सोयीवर चाललेलं.

शोभाअक्काचं लग्न धुळ्याला ठरलं. नवरदेव प्रभाकरराव मोटार मेकॅनिक. स्थळ चांगलं होतं, पण माणसं शकुनाला भारी कडक. त्यांच्याबद्दल असं ऐकलं होतं की घरातल्या एका लग्नात निघताना कुणी शिंकलं, तर वरात तासभर उंबऱ्यातच उभी होती, आणि शिंकणाऱ्याला अजून जेवायला बोलावत नाहीत. अक्काने प्रभाकररावांना एकदाच पाहिलं होतं, चहा देताना. मी विचारलं, “कसे आहेत गं?” ती म्हणाली, “नखात ग्रीस होतं. आल्याबरोबर हात लपवले.” एवढंच. पण त्यानंतर तीन दिवस ती कारण नसताना हसत होती, तेव्हा मी ओळखलं की हे लग्न मोडलं तर अक्का आवाज न करता मोडेल.

हळदीच्या सकाळी मांडवात मोठं मशीन, चार दिशांना चार भोंगे. धंदेवाल्याच्या घरचं लग्न, कमी करून कसं चालेल? मागे चुलीवर बट्ट्या, वरण, घोटलेली वांगी, तुपाचा वास. मधे जातं, जात्यावर फुई आणि बायका हळद दळत गाणी म्हणत होत्या. आमच्यात म्हणतात, हळदीचा मांडव मुका राहू नये. बायका चहाला थांबल्या की मी टेप सुरू करायची, हे माझं काम. पहिली कॅसेट लावली तर मशीनने ती खाल्ली, तपकिरी फीत शेवयांसारखी बाहेर आली. दुसरी नानांनी कुठल्याशा बारशाला दिलेली. मांडव मुका. माय दुरून डोळे वटारतेय. हाताला लागली ती हेलमीची नवी कॅसेट, अजून नीट ऐकलेलीही नव्हती. घातली आणि बटण दाबलं.

एका म्हाताऱ्या बाईचा आवाज चारही भोंग्यांतून बाहेर पडला. साथ नाही, वाद्य नाही. आवाज वर चढायचा, थरथरायचा, तुटायचा, पुन्हा वर चढायचा. बायका चहा फुंकत ऐकत राहिल्या. एक म्हणाली, “चांगलं म्हनस, पन तिले पानी द्या कोनीतरी.” सगळ्या हसल्या. फुई हसली नाही. तिचा हात जात्याच्या खुंट्यावर तसाच थांबला होता.

“बंद कर ते,” ती म्हणाली.

“का फुई?”

“हाई बाई गाई नही रायनी. रडी रायनी.”

मांडवात एकदम शांत झालं. भोंगे मात्र शांत झाले नव्हते, बाई रडतच होती, गल्लीच्या टोकापर्यंत. आणि माझ्या तोंडून, कोण जाणे कुठून, गुळगुळीत लोण्यासारखं आलं, “फुई, ते त्यासनं हळदनं गानं शे. त्या देशमा पोरले हळद लावतस तवय असंच म्हनतस.”

“तुले कोनी सांगं?”

“कागदमा लिखेल शे.”

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. काय बाई एकेक देश, म्हणत त्या चहाकडे वळल्या. फुईने माझ्याकडे एवढा वेळ पाहिलं की तेवढ्यात पायलीभर दाणे दळून झाले असते. मग तिने जातं फिरवलं. मी बटण बंद केलं.

जेवणं उरकल्यावर मी डबा काढला, हेलमीचं पत्र काढलं, शाळेची डिक्शनरी घेतली आणि धान्याच्या कोठीमागे बसले. तिने लिहिलं होतं की ही कॅसेट कारेलिया नावाच्या मुलखातली आहे, तळ्याकाठच्या एका म्हातारीची, आणि तिचं गाणं म्हणजे ‘लॅमेंट’. डिक्शनरीत अर्थ होता : विलाप, मृतासाठी केलेला शोक. मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. अर्थ बदलला नव्हता. पत्राची पुढची पानं वाचायचं धाडस झालं नाही. सख्ख्या बहिणीच्या हळदीत मी चार भोंग्यांवरून मयतीचं रडं वाजवलं होतं, आणि वर ते हळदीचं म्हणून कागदाचा हवाला देऊन सांगितलं होतं. अंगणात अक्का पिवळीधमक होऊन बसली होती, कुणीतरी तिला बट्टी कुस्करून भरवत होतं. मला वाटलं, आता तिला काही झालं तर? तिला नाही, त्यांना झालं तर? नखात ग्रीस असलेल्या त्या माणसाला, धुळ्यात, आत्ता या घडीला? मे महिना होता, जळगावचा मे, ज्यात कावळे उडता उडता भाजून खाली पडतात. आणि मी थंडीने कुडकुडत होते.

लग्न दुसऱ्या दिवशी, मुहूर्त साडेबाराचा. वऱ्हाडाची बस धुळ्याहून दहाला यायची होती. दहा वाजले, साडेदहा वाजले. अकराला नाना माइकवर म्हणाले, “वऱ्हाड येतच आहे, मंडळींनी सरबत घ्यावं.” सव्वाअकराला पुन्हा सरबत. साडेअकराला लोकांनी सरबताला नाही म्हणायला सुरुवात केली. तेव्हा काही फोन नव्हते खिशात. आज माझा भाचा टॉवेल शोधायलाही बायकोला फोन करतो, आणि मला ते बघून नेहमी ती दुपार आठवते. तेव्हा बस आली नाही म्हणजे आली नाही. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते आणि मला सगळं दिसत होतं : पारोळ्याच्या अलीकडचा पूल, त्याचा तुटका कठडा, खाली आडवी पडलेली बस, वर गरगरणारं एक चाक. इतकं स्पष्ट की त्या चाकावरचा चिखल कोणत्या शेतातला हेही सांगितलं असतं. आयुष्यभर मी न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगितल्या, ती कला त्या दिवशी माझ्यावरच उलटली.

पावणेबाराला मला ते पेलेना. फुई मागच्या अंगणात एकटी बसून कणकेचे दिवे वळत होती. मी तिच्यासमोर बसले आणि बोलून टाकलं.

“फुई, ते रडंच व्हतं. मयतनं.”

“माले माहीत शे.”

“मंग काल काबर बोलनी नही?”

“बोलती तं मांडव उठी जाता.” तिने दिवा खाली ठेवला. तेव्हा मला दिसलं, फुईच्या हातच्या दिव्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. फुई घाबरलेली मी कधीच पाहिली नव्हती. एकदा स्मशानातून परतताना वाटेत बिबट्या आडवा आला, तेव्हा म्हणे तिने त्याला “घर जाय” असं सांगितलं होतं आणि तो गेला होता. ती बाई घाबरली म्हटल्यावर माझं उरलंसुरलं अवसानही गेलं. मी रडायला लागले.

“रडू नको, पोट्टे. एक रडस ते कमी शे का?” ती म्हणाली. मग हळू आवाजात, “ती कोनं नाव लेस का? मेलेलं माणूस शे तं नाव पायजे. नाव लिसनच रडतस.”

मला त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. म्हटलं, माहीत नाही.

“रातभर मना कानमा ती बाई बसेल शे,” फुई म्हणाली. “मी चाळीस वरीस मयतना घरमा रडनू. मयतनं रडं खाले जास. एकदाव खाले गयं का परत येत नही, कारन आयकनारं कोनी नही. हाई बाईनं तसं नही. वर जास, थांबस, परत वर जास. कोनीतरी जितं माणूस समोर उभं शे तिना.”

मी डोळे पुसून विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, “माले काय माहीत. बस येऊ दे पयले.” आणि तिने पुढचा दिवा वळायला घेतला. तो पहिल्यापेक्षाही वाकडा झाला.

बाराला पाच कमी असताना गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मी धावले. धुळीतून बस आली, दार उघडलं, आणि पहिला माणूस उतरला त्याचं तोंड काळंठिक्कर होतं, कपडे काळे, हात कोपरापर्यंत काळे. बस जळाली, माणूस जळाला, असं माझ्या मनाने एका क्षणात ठरवलं आणि मी तिथेच खाली बसले. माणूस म्हणाला, “हात धुवायला रॉकेल आहे का हो?” ते प्रभाकरराव होते. पारोळ्याच्या पुढे बस बंद पडली, ड्रायव्हरने हात टेकले, तेव्हा नवरदेव मुंडावळ्या काढून मामाच्या हातात देऊन बसखाली शिरला. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना हा अपशकुन की शकुन हे काही ठरवता येत नव्हतं, कारण यावर आधीचा दाखलाच नव्हता. नानांनी माइकवरून रॉकेल मागवलं. मागे पडद्याआड उभ्या असलेल्या अक्काने फक्त एवढंच विचारलं, “लागलं नाही ना कुठं?” तेही मीच ऐकलं.

लग्न लागलं. पंगती उठल्या. भीती माझ्या अंगातून उतरत होती, जशी गाडी उताराला लागल्यावर आपोआप हलकी होते. मग पाठवणीची वेळ आली. अक्का मायच्या गळ्यात पडली, दोघींचाही आवाज नाही. पाठवणीचं गाणं फुईने म्हणायचं, हा आमच्या घरचा ठरलेला मान. फुईने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. दहा गावांची मयतं रडलेली बाई, घरची पोर निघाली तेव्हा तिचा घसा बंद. मांडव मुका झाला. फुई माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, “ती बाई लाव.”

मी म्हटलं, नाही. आज तर मुळीच नाही. धुळ्याची सगळी माणसं समोर उभी, शिंकेवर वरात थांबवणारी.

“मी सांगस ना. लाव.”

तेवढी मी पुन्हा आयुष्यात कधी घाबरले नाही, आणि माझी तीन ऑपरेशनं झालीत. मी नानांना बाजूला सारलं, कॅसेट घातली. दोन्ही हातांनी बटण दाबलं. तळ्याकाठची म्हातारी चारही भोंग्यांतून सुरू झाली. वर गेली, थांबली, पुन्हा वर गेली. मी डोळे मिटून घेतले, आता ओरडतील, आता दगड येईल. काहीच आलं नाही, तेव्हा डोळे उघडले. माय मोठ्याने रडत होती. अक्काही रडत होती, आणि तिचा आवाज मला पहिल्यांदा दहा हातांवरून ऐकू आला. प्रभाकररावांची आई पदराने नाक पुसत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “कोनता गावनी शे हाई बाई? आमना कडे लगीन व्हई तवय बलावसुत.”

“यावलकडनी,” मी म्हटलं. “पन ती कोठे जात नही.”

अक्का धुळ्याला गेली ती तिथलीच झाली. प्रभाकररावांवर ती आजही रोज एकदा खेकसते, ते आजही नखं लपवतात. मी मात्र त्या रात्रीच हेलमीला पत्र लिहिलं, त्या बाईचं कोण मेलं ते कळव म्हणून. उत्तर यायला दीड महिना लागला. या वेळी मी सहाही पानं वाचली, प्रत्येक शब्दासाठी डिक्शनरी उघडून. त्या मुलखात, हेलमीने लिहिलं होतं, मयतीला रडतात तसंच लग्नालाही रडतात. कुणीही मेलेलं नाही. ती एक आई आहे, मुलगी सासरी निघालीय, आणि आई तिला विचारतेय, मी तुला कोणत्या घरी पाठवतेय, तिथे तुझे केस कोण विंचरेल.

मी पत्र घेऊन पळत फुईकडे गेले. ती ओट्यावर डाळ निवडत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. तिने एक खडा उचलून अंगणात टाकला.

“तू हळदले सांगेल तो कागद आते उना का?” ती म्हणाली.